आमच्या गावात असं कोणी नाही

शाळेच्या मोठ्या वर्गात सभा भरली होती. बाकं मुलांच्या मापाची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. थोरलीने मात्र भिंतीशी उभं राहणंच पसंत केलं. एकदा त्या बाकात बसलं की उठताना पाठ काय करेल याचा भरवसा नव्हता.

थोरली म्हणजे गिरणीवाल्याची बायको. घरातली मोठी सून म्हणून सासरी सगळे तिला थोरली म्हणायचे, आणि तीस वर्षांत गावालाही तेच तोंडी बसलं होतं. धाकटी जाऊ शहरात राहायची. दर रविवारी फोन करून सासूची तब्येत विचारायची आणि फोन ठेवताना न चुकता म्हणायची, "तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त आहोत हो, वहिनी."

फळ्यापुढे तालुक्याहून आलेली नोंदणीवाली उभी होती. तिशीतली असेल. ती सांगत होती की ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं किंवा एकटं सोडता येणार नाही असं माणूस आहे, तिथे आठवड्यातून चार दिवस, दोन-दोन तास शिकलेली मदतनीस येईल. आंघोळ घालेल, कूस बदलेल. डोकं वर-खाली करता येणारा पलंग मिळेल, चाकाची खुर्ची मिळेल. "शुक्रवारी मला यादी द्यायची आहे," ती म्हणाली. "तुमच्या गावातून अजून एकही नाव आलेलं नाही."

मग गिरणीवाला उठला. गावसमितीत त्याचं हे चौथं वर्ष. माणूस वाईट नव्हता, कोणाच्याही अडल्या कामाला धावून जायचा. पण चार माणसं जमली की त्याचा आवाज आपोआप चढायचा, गिरणीच्या घरघरीत बोलायची सवय असल्यासारखा.

"बाई, तुम्ही चांगल्या मनाने आलात, पण चुकीच्या गावात आलात," तो म्हणाला. "म्हातारी माणसं परक्याच्या हवाली करायची पद्धत शहरात. आमच्या गावात असं कोणी नाही. ज्याचं त्याचं माणूस ज्याच्या त्याच्या घरात सुखात आहे. माझीच आई घ्या. सहा वर्षं झाली, उजवं अंग गेलंय. पण बघा, ही उभी आहे तिकडे," त्याने थोरलीकडे बोट केलं, "एका शब्दाने कधी कुरकुरली नाही."

सगळ्या माना वळल्या. कोणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी वाजवली. मागून एक बाई म्हणाली, "अशी सून मिळायला नशीब लागतं." थोरली हसली. हसण्याशिवाय करणार काय? सहा वर्षं गावाने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं, आणि खाली उतरायला शिडी कोणी ठेवली नव्हती.

टाळ्या वाजत असताना तिची नजर शेजारच्या शिंप्यावर गेली. तो टाळी वाजवत नव्हता. बोटावरचा मशीनच्या तेलाचा काळा डाग अंगठ्याने घासत बसला होता. शिंप्याची बायको अलीकडे सगळं विसरायची. दुकानात जाताना तो बाहेरून दाराला कुलूप लावायचा आणि दर तासाला येऊन बघून जायचा. सगळ्या आळीला हे ठाऊक होतं. झाकली मूठ म्हणून कोणी बोलत नव्हतं, इतकंच.

नोंदणीवालीने कागद पिशवीत घातले. "मी पाचच्या बसपर्यंत इथेच आहे," ती म्हणाली. "कोणाला वाटलं तर."

कोणालाच काही वाटलं नाही.

थोरली घरी आली, पण कशाला हात लावावा हे तिला कळेना. भांडी घासली, घासलेली पुन्हा विसळली. सासूला भरवलं. खिडकी उघडली, बंद केली.

"काय गं, मुंग्या चावतायत का?" सासू पलंगावरून म्हणाली. सासूचं उजवं अंग गेलं होतं, जिभेला मात्र धक्का लागला नव्हता. "सभेत काय झालं ते तरी सांग. मी इथे छताचे डाग मोजत पडते. सतरा आहेत. काल सोळा होते."

"काही नाही. कसली तरी नोंदणी होती."

तीन वाजता रोजच्यासारखं तिने सासूला पलंगावरून खिडकीजवळच्या खुर्चीत घ्यायला उचललं. दोन्ही हात काखेतून घातले, गुडघा पलंगाला टेकवला, "एक, दोन" म्हटलं, आणि तीन म्हणायच्या आत कमरेतून अशी काही कळ निघाली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिने सासूला सोडलं नाही. पण धरूनही ठेवता येईना. दोघी खुर्चीच्या कडेने हळूहळू घसरत खाली आल्या, आणि भिंतीला टेकून शेजारी शेजारी फरशीवर बसल्या.

"लागलं का कुठे?" थोरलीने विचारलं.

"मला काय लागतंय, अर्ध्या अंगाला तर कळतच नाही. तुला?"

"नाही."

थोरलीने उठायचा प्रयत्न केला. स्वतः उठली, पण सासूला उचलता येईना. एकदा केलं, दोनदा केलं. तिसऱ्यांदा दोघींनाही घाम फुटला. नवऱ्याला फोन लावला तर नुसता वाजत राहिला; गिरणी चालू असली की त्याला कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत नसे. ती पुन्हा सासूजवळ खाली बसली. फरशी गार होती. तिने उशी ओढून सासूच्या पाठीमागे दिली.

"आता काय, पत्ते खेळायचे का?" सासू म्हणाली.

थोरलीला हसू आलं. ती खिडकीतून दिसणाऱ्या आभाळाकडे बघत राहिली. असाच अर्धा तास गेला, मग पाऊण. सासूचा डावा पाय थरथरायला लागला.

"नोंदणी कसली होती ती?" सासूने पुन्हा विचारलं.

या वेळी थोरलीने सांगितलं. मदतनीस, पलंग, चाकाची खुर्ची, सगळं. आणि नवरा काय बोलला तेही.

सासूने थरथरणारा पाय डाव्या हाताने दाबून धरला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यावर भाषण झालं, आणि मलाच नेलं नाही."

शेवटी थोरलीने खिडकीशी जाऊन हाक मारली. पहिली हाक घशातच राहिली, सहा वर्षांत तिने कोणाला हाक मारली नव्हती. दुसरी हाक शिंप्याच्या दारापर्यंत पोचली. तो आला. हातात कुलपाची किल्ली तशीच होती. काही न विचारता त्याने एका बाजूने धरलं, थोरलीने दुसऱ्या बाजूने, आणि सासू पलंगावर पोचली.

"भाऊ, यांना सांगू नका," थोरली म्हणाली.

"मी कशाला सांगू, वहिनी?" शिंपी दारापर्यंत गेला आणि थबकला. पाठमोराच बोलला, "ती बाई पाचपर्यंत आहे म्हणाली ना?"

"हो."

"मला जाता येणार नाही. हिला एकटीला ठेवून नाही जमत. आणि समितीच्या माणसाच्या तोंडावर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "तुम्हीही जाऊ नका म्हणा. उगाच घरात वाद."

तो गेला. घड्याळात साडेचार झाले होते. थोरलीने चपला घातल्या. काढल्या. सासूच्या उशाशी पाणी ठेवलं, पुन्हा चपला घातल्या. दारातून बाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली. गॅस बंद होता हे तिला पक्कं माहीत होतं, तरी बघितला.

"जा एकदाची," आतून सासू ओरडली. "येरझाऱ्या बघून मलाच चक्कर येतेय."

"कुठे जातेय ते विचारलं नाहीत."

"विचारलं तर सांगशील?"

थोरली निघाली. रस्ता सरळ होता, पण त्या दिवशी त्याला दुप्पट दारं फुटली असावीत. दुधवालीने विचारलं, "कुठे एवढ्या घाईने?" "साखर संपली." पुढे सुताराच्या आईने विचारलं. "चहापत्ती आणते." तिसऱ्या दारात काय सांगितलं ते तिचं तिलाही आठवेना. दुकान मागे पडलं तरी ती चालतच होती, हे मात्र तिन्ही दारांनी बघितलं असणार.

नोंदणीवाली बसथांब्याच्या कट्ट्यावर बिस्किटं खात होती. थोरलीला बघून पुडा पुढे केला. "घ्या ना, ताई. सभेत तुमचं कौतुक झालं ते मी ऐकलं."

"त्याबद्दलच आलेय," थोरली म्हणाली आणि पुढचं सुचेना. पाच मिनिटं ती भलतंच बोलली, हवा, बसच्या वेळा, तुमचं माहेर कुठलं. नोंदणीवालीने घाई केली नाही. शेवटी थोरली म्हणाली, "आज त्या माझ्या हातून पडल्या. म्हणजे आम्ही दोघी पडलो. तासभर खाली बसून होतो."

नोंदणीवालीने बिस्किटांचा पुडा मिटला. "नाव लिहू?"

"लिहा. पण यांना कळता कामा नये."

"तसं नाही होत, ताई. ज्यांना मदत हवी त्यांना मी स्वतः भेटावं लागतं. त्यांची सही लागते, त्यांच्या मनाने. तुमच्या नवऱ्याची नाही लागत. पण लपूनछपून मदतनीस कशी येणार? ती दारानेच येणार ना?"

तेवढ्यात वळणावर बस दिसली. नोंदणीवाली उठली, पिशवी खांद्याला लावली. बस गेली की शुक्रवार गेला, आणि शुक्रवार गेला की ती पुन्हा इथपर्यंत चालत येणार नाही, हे तिला स्वतःबद्दल नीट माहीत होतं.

"आत्ताच चला," ती म्हणाली. "आत्ता चला माझ्याबरोबर. दुधाची गाडी सात वाजता तालुक्याला जाते. मी बसवून देते तुम्हाला."

बस थांबली. कंडक्टरने वाट बघितली, बेल मारली. नोंदणीवालीने हातानेच जा म्हणून खूण केली.

मग दोघी त्याच रस्त्याने परत आल्या, त्याच तीन दारांवरून. साखरही नव्हती, चहापत्तीही नव्हती. सुताराच्या आईने चष्मा वर करून बघितलं. थोरलीने मान खाली घातली, मग वाटलं, खाली घालून तरी काय उपयोग, आणि वर केली. पण चालण्याचा वेग काही कमी झाला नाही. नोंदणीवालीला मागून धावावं लागत होतं.

घराच्या दारात गिरणीवाला उभा होता. भुवयांवर पीठ तसंच. त्याने आधी नोंदणीवालीकडे बघितलं, मग बायकोकडे.

"या बाई इथे कशा?"

"मी आणलं."

"तू?" तो हळू आवाजात म्हणाला, आणि तो हळू बोलला की थोरलीला जास्त भीती वाटायची. "सकाळी चारचौघांत मी काय बोललो? त्या शब्दाला दिवसभर तरी टिकू द्यायचं होतंस. मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवलीस का?"

"कोण आलंय रे?" आतून सासू ओरडली. "दारात उभं राहून काय कुजबुजताय? मी मेले की काय?"

नोंदणीवाली चपला काढून आत गेली. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली, कागद मांडीवर घेतला आणि विचारायला लागली. नाव, वय, किती वर्षांपासून. मग: "स्वतःहून कूस बदलता येते का?"

"सगळं व्यवस्थित चाललंय," गिरणीवाला दारातून म्हणाला.

"मी आजींना विचारतेय, काका."

"नाही येत," सासू म्हणाली.

"आंघोळ आठवड्यातून किती वेळा होते?"

"रोज," गिरणीवाला म्हणाला.

सासूने मान वळवून मुलाकडे बघितलं. "तुला कोणी सांगितलं रोज? आठवड्यातून एकदा. तीही हिची कंबर धड असली तर. बाकीचे दिवस ओलं फडकं." थांबून म्हणाली, "तू सकाळी सातला गिरणीत जातोस ना, मग तुला कसं कळणार? ती बोलत नाही आणि मी बोलले तर टोमणा वाटतो."

गळ्यातल्या फडक्याने गिरणीवाला भुवयांवरचं पीठ पुसायला लागला, आणि पुसलेल्या जागाच पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

"मग मदतनीस पाठवूया का?" नोंदणीवालीने विचारलं.

"नको," सासू म्हणाली.

थोरलीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"नको," सासू पुन्हा म्हणाली. "हिचा हात मला ओळखीचा आहे. परकी बाई येऊन माझं अंग उघडं करणार, धुणार. ते मला नको. या वयात एवढी लाज उरलीय, ती तरी राहू दे."

गिरणीवाल्याने सुस्कारा टाकला. "ऐकलंत, बाई?" तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पुन्हा सकाळचा जोर यायला लागला.

नोंदणीवालीने पेनाचं टोपण लावलं. थोरली पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. चादरीचं टोक तिने मुठीत धरलं होतं आणि ती ते सरळ करत होती, चुरगळत होती, सरळ करत होती.

"आई," ती म्हणाली. "मला होत नाही."

तिने चादरीचं टोक सोडून दिलं.

"मला आता होत नाही. तुम्हाला उचलताना रोज वाटतं, आज दोघी पडणार. आज पडलो." तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. "हाताला मुंग्या येतात, सकाळी वाटी धरवत नाही. मला तुमचं करायचा कंटाळा नाही. पण होत नाही."

सासू तिच्याकडे बघत राहिली. डावा हात चादरीवरून पुढे सरकला आणि मध्येच थांबला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळे कौतुक करत होतात," थोरली म्हणाली. "त्याच्या मध्ये कसं बोलणार?"

सासूने डोळे मिटले. मिटलेलेच ठेवून म्हणाली, "मुली, आण तो कागद. आणि जी कोणी पाठवशील ती बडबडी पाठव. धुवायचं तर धू म्हणावं, पण तोंड चालू ठेव. मुकी आली तर मी लाजेनेच मरेन."

डाव्या हाताने केलेली सही कागदाबाहेर गेली. नोंदणीवाली म्हणाली, चालेल.

सात वाजता थोरलीने तिला दुधाच्या गाडीत बसवलं. त्याआधी पाचच मिनिटं, मागच्या दाराने, शिंपी बायकोला हाताला धरून घेऊन आला होता. त्याने तिचं नाव सांगितलं, तिच्याकडून सही करून घेतली, आणि आपली बायको एके काळी तालुक्यात पहिली आली होती, हे दोनदा सांगितलं.

त्यानंतर गिरणीवाला अकरा दिवस बायकोशी बोलला नाही. जेवायला ताटावर यायचा, खाली मान घालून जेवायचा आणि जायचा. आईच्या खोलीत मात्र तो आता दोन वेळा जायला लागला. काय करायचं ते कळायचं नाही, म्हणून पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे ठेवायचा. पाण्याच्या नळावर थोरली गेली की बायका बोलता बोलता थांबायच्या. जिने नशीब लागतं म्हटलं होतं तीच आता म्हणाली, "आजकालच्या सुनांना सगळं आयतं हवं." थोरली बावन्न वर्षांची होती. आजकालची म्हटल्याचं तिला एवढं आश्चर्य वाटलं की राग यायचाच राहून गेला.

बाराव्या दिवशी गिरणीत दळण घेऊन आलेला सुतार हसत म्हणाला, "काय हो, तुमच्याकडे सरकारी बाई येणार म्हणे. भाषण तर वेगळंच केलं होतंत." गिरणीवाल्याने पट्टा थांबवला. घरघर थांबली तशी आत-बाहेरच्या सगळ्यांना नीट ऐकू आलं. "तुझ्या आईचे गुडघे गेलेत ना?" तो म्हणाला. "तिला संडासात कोण नेतं रे? तू नेतोस?" गिरणीवाल्याने पट्टा पुन्हा चालू केला. त्या संध्याकाळी घरी येऊन तो थोरलीला एवढंच म्हणाला, "मीठ कमी आहे." भांडणानंतरचा पहिला शब्द म्हणून तिने तो ठेवून घेतला.

मदतनीस यायला सात आठवडे लागले. कागद कुठेतरी अडकला होता, मग एक सही कागदाबाहेर गेली म्हणून परत आला, मग पलंग आला आणि पलंगाचा एक पाय आला नाही. शेवटी एका मंगळवारी ती आली, दणकट, मोठ्या आवाजाची, दारातूनच बोलत. तोपर्यंत दुसरी यादीही निघाली होती आणि गावातून एकूण सहा नावं गेली होती. सुताराच्या आईचं त्यात नव्हतं. तिने साफ नकार दिला होता, आणि अजून कोणी विचारलं तर शिव्या घालते.

"ताई, तुम्ही बाहेर जा," मदतनीस थोरलीला म्हणाली. "दोन तास. इथे उभं राहून माझ्या हाताकडे बघू नका."

थोरली बाहेर पडली. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. शाळेपर्यंत गेली, पुढे विहिरीपर्यंत. तिथल्या दगडावर बसली आणि लगेच उठली. हात रिकामे होते, त्यांचं काय करावं कळेना. सासूला मानेखाली पातळ उशी लागते हे सांगायचं राहिलं. पाणी फार गरम चालत नाही हेही राहिलं. वीस मिनिटांत ती भरभर चालत घरी परत आली.

दारातच तिला हसणं ऐकू आलं. आत सासू हसत होती, खळखळून, खोकला येईपर्यंत. मदतनीस आपल्या दिराची कसलीशी फजिती सांगत होती आणि बोलता बोलता सासूची ओली पाठ पुसत होती. साबणाचा वास दारापर्यंत येत होता. सासूचे केस धुतले होते. पांढरे, मोकळे, खांद्यावर.

थोरली उंबऱ्याशीच थांबली. हे हसणं तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल. पण त्याआधी आत काहीतरी टोचलं. सहा वर्षं हात झिजले माझे, आणि हसू हिच्या वाट्याला, असं मनात येऊन गेलं. मग स्वतःचीच लाज वाटली. ती लाज गेली तरी टोचणं काही गेलं नाही.

मदतनिसीने मान वर केली. "अहो, आलात लगेच? दीड तास बाकी आहे अजून."

"उशी पातळ लागते त्यांना," थोरली म्हणाली.

"मी सांगितलंय तिला," सासू म्हणाली. "जा तू."

थोरलीने चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि रस्त्याला लागली.